शिखराखालचा काळ: पॉट लिमिट ओमाहाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५

प्रकल्पाचा हेतू आधी स्पष्ट लिहून ठेवतो. न्यू जर्सी राज्यात ऑनलाइन पोकर नोव्हेंबर २०१३पासून कायदेशीर आहे, आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी मी सहा जणांच्या टेबलांवर, एक-दोन डॉलरच्या ब्लाइंडवर (डावापूर्वी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या रकमा; त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड), नियमितपणे पॉट लिमिट ओमाहा हा पोकरचा प्रकार खेळतो. अशा खेळाडूला टेबलावर ‘रेग्युलर’ म्हणतात. रेग्युलरच्या हिशेबात चढ आणि उतार दोन्ही येतात हे कोणालाही सांगावे लागत नाही. पण उतार किती खोल गेला तरी तो नेहमीचा समजावा, किती काळ टिकला म्हणजे आपला खेळच बिघडला असे मानावे, आणि चढाच्या काळातल्या कमाईतला किती वाटा कौशल्याचा धरावा, या प्रश्नांना मला आकड्यांत उत्तरे हवी आहेत. त्यासाठी एक नोंदवही आणि तिच्या जोडीला पायथॉनमध्ये लिहिलेले एक छोटे सिम्युलेशन (खेळाची संगणकावरची नक्कल), एवढाच या प्रकल्पाचा पसारा आहे.

नोंदवहीत प्रत्येक बैठकीचा कालावधी, डावांची संख्या, टेबलावर अनोळखी खेळाडू किती आणि रेग्युलर किती, आणि ऑल-इन झालेल्या (म्हणजे समोरचे सगळे पैसे लावलेल्या) प्रत्येक डावात पैसे आत गेले त्या क्षणी जिंकण्याची शक्यता किती होती, हे लिहायचे आहे. निकालाचा रकाना मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवला असून तो भरण्यापूर्वी त्या बैठकीतले अवघड वाटलेले निर्णय आणि त्यांची कारणे लिहिण्याचे बंधन मी स्वतःवर घालून घेतले आहे, कारण निकाल डोळ्यांसमोर आल्यावर कारणे आपोआप त्याला साजेशी सुचू लागतात.

२२ जून २०२५

सिम्युलेशनला हात घालण्यापूर्वी चढ-उतारांचे मूळ खेळाच्या नियमांत कुठे आहे ते मांडून घेतले. ओमाहात प्रत्येकाला चार पत्ते मिळतात आणि अंतिम पाच पत्त्यांत हातातले नेमके दोन व टेबलावर सर्वांसाठी उघडलेल्या पाचांतले नेमके तीन वापरावे लागतात. टेबलावर चार बदाम आले आणि हातात बदामाचा फक्त एक्का असला, तर फ्लश (पाचही पत्ते बदामाचे) होत नाही. होल्डेम या दोन पत्त्यांच्या पोकरमध्ये सुरुवातीचे हात १,३२६ प्रकारचे असतात, ओमाहात २,७०,७२५. होल्डेममध्ये एक्क्यांची जोडी सरासरीने २२१ डावांत एकदा येते; ओमाहात हातात किमान दोन एक्के असण्याची वेळ ३९ डावांत एकदा येते. पण त्या जोडीचे वजनही तितकेच उतरलेले असते. होल्डेममध्ये दोन एक्के कोणत्याही यादृच्छिक हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात, तर ओमाहात हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास राहते, कारण समोरच्याच्या चार पत्त्यांतून दोन-दोनच्या सहा जोड्या तयार होतात आणि त्यांतली एखादी तरी टेबलाशी जुळते.

दुसरे मूळ पॉट लिमिटच्या नियमात आहे: एका वेळी वाढ जास्तीत जास्त पॉटाएवढी, म्हणजे डावात जमलेल्या एकूण पैशांएवढी, करता येते. एक-दोनच्या ब्लाइंडवर पहिली कमाल बोली सात डॉलरची होते: दोन डॉलरची बरोबरी धरली की पॉट पाचाचा होतो, आणि तेवढीच वाढ करता येते. फक्त बिग ब्लाइंड लावणाऱ्याने ती स्वीकारली तर पॉट पंधराचा. पुढे प्रत्येक वेळी पूर्ण पॉटाएवढी बोली लागली आणि स्वीकारली गेली, तर पॉट दर फेरीला तिप्पट होतो: पंधराचे पंचेचाळीस, पंचेचाळीसचे एकशे पस्तीस. सात, पंधरा आणि पंचेचाळीस मिळून ६७ डॉलर गेलेले असतात, आणि दोनशेच्या स्टॅकमध्ये (समोर ठेवलेल्या रकमेत) उरलेले १३३ रिव्हरवरच्या, म्हणजे शेवटच्या उघड्या पत्त्यावरच्या, बोलीत अगदी नेमके बसतात. बोलीवर मर्यादा असल्याने हा खेळ सौम्य असेल असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात शंभर बिग ब्लाइंडचा पूर्ण स्टॅक चार बोलींत आत जातो, आणि तोही अशा हातांनिशी ज्यांच्या बळांत फारसे अंतर नसते.

२९ जून २०२५

आज संगणक बाजूला ठेवून एक डाव कागदावर मोजला. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, नव्वी, अठ्ठी आणि दुर्री. पहिल्याच्या हातात दोन नव्व्या, एक्का आणि राजा, म्हणजे त्या क्षणी शक्य असलेला सर्वांत मोठा हात. दुसऱ्याच्या हातात गुलाम, दश्शी, सत्ती आणि छक्की, म्हणजे त्या क्षणी काहीच नाही, फक्त ‘सरळ’ (ओळीने पाच पत्ते) होण्याची आशा. फ्लशचा विचार बाजूला ठेवला.

दिसलेले अकरा पत्ते वजा जाता ४१ उरतात आणि टर्न व रिव्हर (चौथा व पाचवा उघडा पत्ता) मिळून त्यांच्या ८२० जोड्या होतात. दुसऱ्याला चार राण्या, चार पंजा, आणि गुलाम, दश्शी, सत्ती व छक्की प्रत्येकी तीन, असे वीस पत्ते सरळ करून देतात. ओमाहात याला रॅप म्हणतात आणि रॅप वीस पत्त्यांहून मोठा होत नाही. पहिल्याला वाचवणारे पत्ते म्हणजे टेबलावर जोडी लावून त्याला सरळपेक्षा मोठा हात देणारे: तीन अठ्ठ्या, तीन दुर्र्या आणि उरलेली एक नव्वी. हे सात पत्ते वगळले की ३४ राहतात आणि त्यांच्या जोड्या ५६१ होतात. ज्यांत वीसांपैकी एकही नाही अशा ९१ जोड्या वजा केल्या, आणि वीसांपैकीच एका जातीचे दोन पत्ते लागोपाठ येऊन टेबलावर जोडी लागते अशा २४ जोड्याही वजा केल्या. उरल्या ४४६. म्हणजे दुसरा खेळाडू ८२०पैकी ४४६ वेळा, ५४.४ टक्के, जिंकतो.

ज्याच्या हातात अजून एक जोडीसुद्धा नाही तो तीन नव्व्यांच्या पुढे आहे. माझ्या मते ओमाहाचे सगळे मर्म या मोजणीत आहे, आणि नव्याने येणाऱ्याने कोणतीही रणनीती शिकण्यापूर्वी ही मोजणी एकदा हाताने करावी असे मला मनापासून वाटते. दोघांनीही पैसे आत टाकताना योग्यच केलेले असते. पॉटातले आधीचे पैसे धरले तर दोघांपैकी कोणालाही पत्ते टाकून देणे परवडणारे नव्हते. तरी त्यातला एक जण दोनशे डॉलर हरून उठतो, आणि तो ‘बॅड बीट’ (पुढे असूनही नशिबाने हरणे) म्हणून हळहळतो तेव्हा त्या शब्दाला येथे काही अर्थ नसतो.

६ जुलै २०२५

सिम्युलेशनसाठी दोन आकडे लागतात: शंभर डावांमागे सरासरी नफा आणि शंभर डावांमागे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीभोवती किती पसरतात याचे माप. सहा जणांच्या होल्डेममध्ये विचलन साधारण ९० ते १०० बिग ब्लाइंड धरतात, ओमाहात १४० ते १६०. मी ओमाहासाठी खालचा आकडा, १४०, घेतला. नफा रेक (पॉटातून खेळ चालवणारा कापून घेतो तो वाटा) वजा जाता शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड धरला आहे, जो या पातळीवर चांगल्या रेग्युलरचा म्हणता येईल.

१९ जुलै २०२५

सिम्युलेशन चालले, आणि त्याचे निकाल सूत्रांनी काढलेल्या आकड्यांशी जुळले. पाच बिग ब्लाइंडचा खरा नफा असलेला खेळाडू दहा हजार डाव खेळून तोट्यात असण्याची शक्यता ३६ टक्के आहे. पन्नास हजारांनंतर २१ टक्के. एक लाखानंतर १३. दोन लाखांनंतरही साडेपाच. विचलन ९० असलेल्या होल्डेमच्या खेळाडूला तेवढ्याच नफ्यावर पन्नास हजार डावांनंतर तोटा होण्याची शक्यता ११ टक्क्यांच्या आत राहते.

पण ज्या आकड्याने मला खरोखर थांबवले तो दुसराच होता. एखादा खेळाडू आपल्या आजवरच्या सर्वोच्च शिलकीपासून किती खाली आहे, हे कोणत्याही सहज निवडलेल्या क्षणी पाहिले, तर दीर्घकाळात त्या खोलीची सरासरी विचलनाचा वर्ग भागिले नफ्याची दुप्पट एवढी येते. १४०चा वर्ग १९,६००, भागिले दहा, उत्तर १,९६० बिग ब्लाइंड, म्हणजे जवळजवळ वीस बाय-इन (एक बाय-इन म्हणजे शंभर बिग ब्लाइंड). एक-दोनच्या टेबलावर ३,९२० डॉलर. ही सरासरी हरणाऱ्याची नसून जिंकणाऱ्याची आहे. अर्ध्याहून थोडा अधिक काळ तो शिखरापासून साडेतेरा बाय-इन किंवा त्याहून खाली असतो. हाच हिशेब होल्डेमसाठी केला तर सरासरी खोली आठ बाय-इन निघते.

‘उतार’ म्हणून आम्ही ज्याच्याविषयी बोलतो ती अधूनमधून येणारी आपत्ती नाही. ओमाहाच्या रेग्युलरचे ते नेहमीचे राहण्याचे ठिकाण आहे, आणि नवे शिखर गाठण्याचे क्षण तुरळक व अल्पकाळाचे असतात. उताराची चौकशी ‘हा का आला’ या प्रश्नाने सुरू केली तर उत्तर बहुधा चुकीचेच मिळेल. ‘या खोलीत माझे निर्णय टिकून आहेत का’ असे विचारायला हवे.

२७ जुलै २०२५

माझा स्वतःचा आलेख सध्या मे महिन्यातल्या शिखराच्या बराच खाली आहे आणि आणखी उतरतो आहे. गेल्या आठवड्याच्या गणितामुळे त्याचे दुःख कमी झाले असे म्हणणार नाही. तोटा तोटाच असतो. पण निर्णयांचे रकाने वाचताना एक उपयोगी गोष्ट दिसली. लागोपाठ तोट्याच्या बैठकांनंतर नट (शक्य तो सर्वांत मोठा हात) नसलेल्या पण पुरेशा बळकट हातांनी रिव्हरवर बोली लावण्याच्या जागा कमी होतात, आणि टर्नवर सोळा-सतरा पत्त्यांचा रॅप असताना पूर्ण पॉटाची बोली लावण्याऐवजी नुसते ‘चेक’ (बोली न लावता पुढे) म्हणण्याच्या जागा वाढतात. दोन्ही बदल नफा घटवणारे आहेत, आणि नफा पाचावरून अडीचवर आला तर सरासरी खोली वीसवरून ३९ बाय-इनांवर जाते. नशिबाने पडलेला खड्डा खेळाडू स्वतःच्या भीतीने असा खोल करत नेतो. यासाठी नोंदवहीत ‘बोली लावायला हवी होती तिथे थांबलो का’ असा वेगळा रकाना जोडला.

९ ऑगस्ट २०२५

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑल-इन ईव्ही’ नावाची रेषा असते. पैसे आत गेले त्या क्षणी जिंकण्याची जी शक्यता होती तिने पॉटाला गुणून ती काढतात, आणि पुष्कळ रेग्युलर प्रत्यक्ष निकालापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवतात. तिचा उपयोग मर्यादित आहे. २९ जूनच्या डावात पैसे फ्लॉपवर आत गेले तर ती रेषा नशीब बरोबर वजा करते. पण तेच पैसे रिव्हरवर, सरळ लागल्यानंतर गेले, तर तिच्या दृष्टीने एक जण शंभर टक्के पुढे होता आणि नशिबाचा काही प्रश्नच नव्हता. शिवाय दोघांना एकाच डावात सेट (हातातल्या जोडीला टेबलावरचा तिसरा पत्ता) लागणे, किंवा आपला नट फ्लश झाला तेव्हा समोरच्याकडे दुसऱ्या क्रमांकाचा फ्लश असणे वा नसणे, हे सारे त्या रेषेच्या बाहेर राहते. ती थोडी कमी हेलकावे खाते एवढेच. तिलाच खरा निकाल मानणाऱ्याला दिलासा मिळतो, माहिती मिळत नाही.

२३ ऑगस्ट २०२५

पुण्यातल्या एका मित्राची नोंदवही या प्रकल्पात तुलनेसाठी वापरायची होती. तो तिथल्या ऑनलाइन टेबलांवर ओमाहा खेळत असे. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले आणि काल त्यावर राष्ट्रपतींची संमती झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो पुरवण्यास या कायद्याने बंदी आहे, आणि भारतीय कंपन्यांनी असे खेळ थांबवले आहेत. खेळाडूला शिक्षा नाही. शिक्षा खेळ पुरवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड.

कायद्याच्या योग्यायोग्यतेत येथे शिरत नाही, कारण व्यसनाने घरे उद्ध्वस्त झाल्याची उदाहरणे खरी आहेत आणि ती हलक्याने घेऊ नयेत. पण या प्रकल्पाशी संबंधित एक परिणाम लिहून ठेवला पाहिजे. मित्राला आता पणजीला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोंच्या टेबलांवरच खेळता येईल, आणि समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. पन्नास हजार डावांना साडेसोळाशे ते दोन हजार तास लागतील, आणि त्यानंतरही पाचातल्या एका जिंकणाऱ्या खेळाडूला आपण जिंकणारे आहोत हे निकालावरून कळणार नाही. ऑनलाइन चार टेबले एकदम खेळणाऱ्याचे तेवढे डाव काही महिन्यांच्या संध्याकाळींत होतात. मित्र अजून आपल्या शिखराच्या खाली होता. तो खड्डा नशिबाचा होता की खेळाचा, हे ठरवण्याजोगी सामग्री त्याच्याकडे आता जमणार नाही. याचे त्याला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटते आहे, आणि मला ते पूर्णपणे समजते.

१४ सप्टेंबर २०२५

भांडवलाचा हिशेब. ठरावीक नफा व विचलन असताना सगळे भांडवल कधीतरी संपण्याची शक्यता घातांकी सूत्राने काढता येते. पाच आणि १४० धरले तर ३० बाय-इन असलेल्याची २२ टक्के, ५० असलेल्याची आठ टक्के, १०० असलेल्याची एक टक्क्याहून कमी. नफा अडीच धरला तर ५० बाय-इनवरची शक्यता २८ टक्क्यांवर जाते. आपला खरा नफा किती हे कोणालाच नेमके ठाऊक नसल्याने मी अडीचचाच आकडा धरून १०० बाय-इन ठेवतो, म्हणजे शक्यता पुन्हा आठ टक्क्यांवर येते, आणि साठ उरले की खालच्या ब्लाइंडवर उतरायचे हे आधीच लिहून ठेवले आहे. घरखर्चाचे खाते आणि हे खाते यांच्यात कोणताही दुवा नाही. ज्याच्या घरात अशी भिंत घालणे शक्य नाही त्याने हा खेळ नियमित खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

४ ऑक्टोबर २०२५

खोली कमी करण्याचे दोनच मार्ग: नफा वाढवणे किंवा विचलन घटवणे. नफ्याच्या बाजूने सर्वांत खात्रीचा लाभ टेबल निवडण्यात आणि रेक वाचवण्यात आहे. ओमाहात अधिक खेळाडू फ्लॉप पाहतात, पॉट मोठे होतात, म्हणून पॉटावर टक्केवारीने घेतला जाणारा रेकही शंभर डावांमागे होल्डेमपेक्षा जास्त पडतो. त्यातला एक बिग ब्लाइंड वाचला आणि नफा पाचाचा सहा झाला, तर सरासरी खोली १,९६०वरून १,६३३वर येते; उलट एक वाढला तर २,४५०वर जाते. सहापैकी पाच रेग्युलर असलेले टेबल सोडून उठणे हा माझ्या नोंदवहीतला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत फायद्याचा निर्णय आहे.

विचलनाच्या बाजूने, ऑल-इन झाल्यावर उरलेले पत्ते दोनदा वाटून अर्धा-अर्धा पॉट ठरवण्याची सोय घ्यावी. सरासरी अपेक्षेत काडीचाही फरक पडत नाही, आणि त्या पॉटाचे विचलन सुमारे ७० टक्क्यांवर उतरते.

२५ ऑक्टोबर २०२५

छोटी नोंद. २००९च्या नोव्हेंबरमध्ये ‘इसिल्डर१’ या टोपणनावाच्या खेळाडूने फिनलंडच्या पॅट्रिक अँटोनियसविरुद्ध ५००-१,००० डॉलरच्या ब्लाइंडवर साडेतेरा लाख डॉलरचा पॉट गमावला, आणि ८ डिसेंबरला ब्रायन हेस्टिंग्जविरुद्ध एकाच दिवसात सुमारे ४२ लाख डॉलर. दोन्ही वेळी खेळ पॉट लिमिट ओमाहा होता. तो खेळाडू स्वीडनचा व्हिक्टर ब्लोम असल्याचे पुढे उघड झाले. दुसरा आकडा त्या ब्लाइंडवर सुमारे ४२ बाय-इन होतो. दोनच खेळाडूंमधल्या खेळात विचलन आणखी मोठे असते, त्यामुळे माझ्या सिम्युलेशनशी थेट तुलना करता येत नाही. पण एका दिवसाच्या निकालावरून दोघांपैकी कोण किती चांगला हे ठरवणाऱ्या त्या वेळच्या चर्चा आज वाचल्या की नमुन्याचा आकार किती सहज विसरला जातो ते दिसते.

२२ नोव्हेंबर २०२५

शेवटचा मोठा प्रश्न कराचा निघाला. ४ जुलैला राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या अमेरिकी कायद्यानुसार २०२६ या करवर्षापासून जुगारातल्या तोट्यापैकी ९० टक्केच रक्कम जिंकलेल्या रकमेतून वजा करता येईल. वर्षभरात जिंकलेल्या बैठकांची बेरीज ६०,००० डॉलर आणि हरलेल्यांची ५६,००० असेल, तर खरा नफा ४,०००. पण वजावट ५०,४००च मिळेल आणि कर ९,६००वर लागेल.

हा नियम कर नफ्यावर लावतो असे दिसते, पण त्याचा भार चढ-उतारांवर पडतो. सिम्युलेशनमध्ये ३०० डावांची बैठक घेतली. सरासरी नफा ३० डॉलर, विचलन ४८५ डॉलर. हरणाऱ्या बैठकांचा तोटा सगळ्या बैठकांवर सारखा वाटला तर दर बैठकीमागे १७९ डॉलर पडतो, आणि त्याच्या दहा टक्के, म्हणजे जवळजवळ १८ डॉलर, कधीही न मिळालेले उत्पन्न म्हणून करपात्र ठरतात. तीस कमावून अठ्ठेचाळीसवर कर. तेवढाच नफा असलेल्या होल्डेमच्या खेळाडूला ही वाढ ११ डॉलरची आहे. ज्याचा नफा शंभर डावांमागे एक-दोन बिग ब्लाइंडच आहे, त्याच्या बाबतीत न मिळालेले हे उत्पन्न खऱ्या नफ्याच्या काही पट होते.

बैठक १,२०० डावांची धरली तर चित्र सुधारते: सरासरी नफा १२० डॉलर आणि न मिळालेले उत्पन्न ३३, कारण एकाच बैठकीतले चढ आणि उतार आपसांत आधीच वजा होतात. म्हणून जानेवारीपासून आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी खेळायचे नाही आणि शनिवारी एकच लांब बैठक करायची, असा आराखडा केला आहे. मध्ये जेवणासाठी उठलो तर बैठक एकच धरता येते का, आणि टेबल बदलल्याने ती तुटते का, हे दोन प्रश्न कर सल्लागारांना लिहून पाठवले आहेत. त्यांचे उत्तर येईपर्यंत नोंदवहीत सुरुवात आणि शेवट यांच्या जोडीला प्रत्येक टेबलावर बसण्याची व उठण्याची वेळही लिहिली जाईल, आणि त्यासाठी दोन नवे रकाने आजच जोडले आहेत.